जुन्या लुगड्याचं बाळोतं

आज बोलायचं आहे ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या कपड्यांबद्दल, म्हणजे काल-परवा जन्मलेल्या लेकराच्या. घरात पहिलटकरीण असली की सातव्या-आठव्या महिन्यात प्रश्न निघतोच: बाळासाठी काय काय लागेल? दुकानात विचारलं तर यादी संपता संपत नाही. सेट, रॅपर, हातमोजे, पायमोजे, बिब, फरची टोपी, डायपरचं पाकीट. आजीला विचारलं तर ती म्हणते, एक जुनं लुगडं काढून ठेव, झालं. या दोन उत्तरांच्या मध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. इकडे कामरगावात बसून आम्ही तो जमेल तसा लावून पाहिला, तो आज सांगतो.

आधी जुनी यादी. बाळाच्या कपड्यांना आपल्या भाषेत किती नावं आहेत बघा: बाळोतं, लंगोट, दुपटं, झबलं, अंगडं, टोपडं, कुंची. एवढी नावं ज्या भाषेत आहेत, तिथल्या बायांनी या कपड्यांचा बारीक विचार केलेला असणार. बाळोतं म्हणजे अंगाखाली घालायचं, ओलं झालं की काढायचं. लंगोट बांधायचा. दुपटं गुंडाळायचं आणि पांघरायचं. झबलं सैल, समोरून किंवा मागून बंदानं बांधायचं, कारण तान्ह्याची मान धरत नाही आणि डोक्यावरून कपडा ओढणं अवघड. गुंडी नाही, काज नाही. बंद सैल करता येतो, बाळ वाढलं तरी तेच झबलं चालतं. सेफ्टी पिन अमेरिकेत १८४९ साली निघाली, आपल्याकडे ती घरोघर पोचायला बराच काळ लागला. तोवर बंदांनी सगळं भागवलं.

कुंचीबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे. कुंची म्हणजे नुसती टोपी नव्हे. डोकं, कान, मान आणि थेट पाठ असं सगळं एका कापडात झाकणारा तो कपडा. वर डोक्याचा घेर, मागे चुण्या घालून सोडलेला पदर, हनुवटीखाली बंद. तान्ह्या लेकराचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं फार मोठं असतं. मोठ्या माणसाच्या मानानं बाळाच्या अंगातल्या उबेचा बराच मोठा वाटा उघड्या डोक्यातून जातो. ज्या बाईनं पहिली कुंची बेतली तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं हात लावून पाहिलं असेल, एवढंच.

आता लुगड्याचा हिशोब. शाळेतल्या गणितासारखा करू या. लुगडं नऊ वार, पन्हा सव्वा वार धरू. सव्वा-सव्वा वाराची चौकोनी दुपटी काढली तर पाच वारांत चार दुपटी झाली. उरले चार वार, म्हणजे १४४ इंच. चोवीस इंचांचे सहा तुकडे, प्रत्येकाचे पन्ह्यात दोन, असे बारा लंगोट. एका लुगड्यात चार दुपटी आणि बारा लंगोट, आणि शिवण जवळजवळ नाहीच. अर्थात जुनं लुगडं बसायच्या जागी विरलेलं असतं, म्हणून दोन-तीन तुकडे कमी धरा.

जुनंच का? नव्या कापडाला खळ असते, ते कडक लागतं, पाणी लवकर शोषत नाही. दोन-तीन वर्षं नेसलेलं, शेकडो वेळा धुतलेलं सुती लुगडं सायीसारखं मऊ होतं. पाणी पटकन पितं आणि उन्हात पटकन वाळतं. लुगड्याचं आयुष्यही मोठं असायचं: आधी सणाला, मग रोज, मग रानात, मग गोधडीत किंवा बाळोत्यात, मग पोतेऱ्यात, आणि शेवटची चिंधी दिव्याच्या वातीला.

पण हे सगळं ज्या घरात लुगडं उरायचं त्या घरातलं. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. आपला वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यामागे इथल्या कापसावरची नजर होतीच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसातली लढाई झाली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. खामगाव, अकोला, अमरावती, कारंजा इथून गाठी निघाल्या. १८७७ च्या पहिल्या तारखेला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. एवढा कापूस ज्या हातांनी वेचला, त्या हातांच्या बाईकडे मात्र दोनच लुगडी असायची, एक अंगावर आणि एक दोरीवर. तिच्या लेकराला बाळोतं कुठून येणार? मालकिणीच्या घरून मागून आणलेलं, किंवा गोणपाटावर अंथरलेली चिंधी. पऱ्हाटीच्या तासात झोळी बांधून झोपवलेलं लेकरू त्या कापसाचंच होतं, आणि कापूस त्याच्या अंगावर सगळ्यात शेवटी यायचा.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. बाळ जन्मायच्या आधी कपडे शिवू नयेत, विकतही आणू नयेत, असं आपल्याकडे मानतात. अजूनही मानतात. शहाण्या बाया त्याला अंधश्रद्धा म्हणून सोडून देतात. आम्हाला तसं सोडून द्यावंसं वाटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार लेकरांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात होती, पाचातलं एक. आनंदीबाई जोशी आपल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक, १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवलेल्या. त्यांचं बाळ त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी झालं आणि जेमतेम दहा दिवस जगलं. पोस्टातल्या नोकरदाराच्या घरातली ही गोष्ट, मजुराच्या झोपडीतली नव्हे. अशा काळात आठव्या महिन्यात झबलं शिवून ठेवायचं आणि दहाव्या महिन्यात ते रिकामं घडी घालून परत ठेवायचं, हे कुठल्या आईला सोसणार? न शिवण्याची रीत या दुःखातून आली असावी, असं आमचं मत. पाचवी पुजायची, सटवाईला सांभाळायचं, बाराव्या दिवशी नाव ठेवायचं आणि मग नवं अंगडं-टोपडं घालायचं. तोवर बाळंतविड्याचे नवे कपडे गाठोड्यातच.

यातूनही बायांनी वाट काढली होती. जुनं लुगडं हे काही 'बाळाचे कपडे' नव्हेत. ते धुवून, घडी करून, फडताळात ठेवलं तर रीत मोडत नाही. म्हणून आजी म्हणते, लुगडं काढून ठेव. आजही ज्या घरात सासूबाईंना आधी खरेदी चालत नाही, तिथे ही वाट मोकळी आहे. वाद न घालता चार सुती कापडं उकळून, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवता येतात.

जुनं सगळं सोनं होतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. बाळंतपण म्हणजे विटाळ, तिथे वापरलेलं सगळं पुढे टाकूनच द्यायचं, म्हणून कित्येक घरांत घरातली सगळ्यात मळकी चिंधी बाळंतिणीच्या खोलीत जायची. त्याच चिंधीनं बाळ पुसायचं, तीच नाळेजवळ लागायची. कशानेही कापलेली नाळ, तिला लावलेली राख नाही तर शेण, आणि वर मळकं कापड. यातून धनुर्वात व्हायचा आणि सातव्या-आठव्या दिवशी लेकरू जायचं. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. आईला धनुर्वाताची लस, नाळ कापायला नवं पातं, नाळेला काही न लावणं, यांनी तो आटोक्यात आला. माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटला असं २०१५ साली जाहीर झालं. जुनं कापड आणि मळकं कापड यातला फरक समजायला आपल्याला एवढी वर्षं लागली.

मग लुगडंच गेलं. हा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला, पण बाळाच्या बाजूनं त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. नऊवारी जाऊन पाचवारी-सहावारी आली, आणि सुती जाऊन नायलॉन, टेरिलीन, पॉलिएस्टर आलं. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुती कापडाच्या कितीतरी गिरण्या त्यानंतर उभ्याच राहिल्या नाहीत. १९८५ साली केंद्र सरकारचं नवं वस्त्रोद्योग धोरण आलं, त्यानं कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली. आपल्यालाही त्या साड्या हव्याच होत्या. धुवायला सोप्या, इस्त्री नको, रंग जात नाही, रानात फाटत नाहीत. दिवसभर राबणाऱ्या बाईनं ती सोय का नाकारावी? पण ती साडी दहा वर्षं नेसली तरी तिचं बाळोतं होत नाही. ती पाणी पीत नाही, घाम अडवते, आणि शेगडीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. आईच्या अंगावरून बाळाच्या अंगावर येणारं कापड तिथं थांबलं. बाळाचा कपडा ही विकत आणायची वस्तू झाली, आणि काय लागतं हे ठरवण्याचा हक्क आजीकडून दुकानदाराकडे गेला.

त्याच सुमारास आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, वेगळं काम सुरू होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायचं काम हाती घेतलं. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. त्या बाळंतपणाला हजर राहत, नंतर घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप मोजत, श्वास मोजत, दूध पाजायला मदत करत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत, आणि बाळ उबदार ठेवायला शिकवत. काम सुरू झालं तेव्हा त्या गावांत हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. १९९७-९८ साली हा आकडा २५-२६ वर आला. 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकानं १९९९ साली तो अभ्यास छापला. हे यश एकट्या कपड्यांचं नव्हतं, औषधांचा वाटा मोठा होता. पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली: बाळ गार पडणं हा आजारच आहे, तो थर्मामीटरनं मोजता येतो, आणि गावातली बाई तो दुपट्यानं, टोपड्यानं आणि आईच्या छातीच्या उबेनं बरा करू शकते.

बाळ गार का पडतं? पोटात असताना त्याला ऊब आयती असते. बाहेर येतं ते ओलं. माठ कसा गार होतो, तसंच. ओलावा उडताना अंगातली ऊब घेऊन जातो. म्हणून जन्मल्याबरोबर पहिलं काम पुसण्याचं, आणि ते ओलं कापड बाजूला टाकून दुसऱ्या कोरड्या कापडात घेण्याचं. पहिल्या मिनिटाला एक नव्हे, दोन कापडं लागतात. आंघोळ निदान चोवीस तास नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाच्या अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर नसेल तर हाताची पाठ लावून पाहा. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर लगेच उघड्या छातीशी घ्या, वरून पांघरा आणि दवाखाना गाठा.

छातीशी घेण्याची ही पद्धत १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या दवाखान्यात सुरू झाली. तिथं कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी आयांनाच सांगितलं, लेकरू कांगारूसारखं अंगाशी बांधा. अंगावर काय? लंगोट आणि टोपडं, बस. कमी वजनाच्या बाळाला दुकानातल्या कुठल्याही कपड्यापेक्षा आईची उघडी छाती बरी, हे आता जगभर मानतात.

गडचिरोलीचं काम पुढे देशभर गेलं. २०११ पासून आशाताई घरी येऊन बाळ बघतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. त्यांच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटरसोबत बाळाचं ब्लँकेट असतं. आशाताई आली की तिला चहा द्या, पण आधी बाळ उघडून दाखवा. २०२० च्या सरकारी आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात पहिल्या महिन्यात जाणारी बाळं हजारी ११ होती.

बाळाचे कपडे सरकारनं द्यावेत, हा विचारही जुना आहे. फिनलंड नावाच्या थंड देशात १९३८ साली गरीब आयांना सरकारी पेटी मिळू लागली, तेव्हा तिथंही हजारी ६५ च्या आसपास बाळं दगावत होती. १९४९ पासून ती पेटी सगळ्यांना मिळते, अट एकच: चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जायचं. सुरुवातीच्या पेट्यांत शिवलेल्या कपड्यांबरोबर नुसतं कापडही असे, कारण आया घरीच शिवत. कपडे काढून घेतले की त्याच पुठ्ठ्याच्या पेटीत गादी घालून बाळ झोपतं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०१९ च्या जानेवारीत बेबी केअर किट योजना सुरू केली, सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळंतपणासाठी, दोन हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूंची. कपडे, अंथरूण, टॉवेल, मच्छरदाणी, थर्मामीटर असं त्यात ठरवलेलं. फिनलंडची अट आम्हाला फार शहाणपणाची वाटते: कपड्यांच्या निमित्तानं बाई तपासणीपर्यंत येते.

आता आपल्या घरचा हिशोब. तान्हं बाळ आठवड्याचं झालं की दिवसात सहा-आठ वेळा तरी ओलं करतं, शी वेगळी. म्हणजे दिवसाला दहा लंगोट धरा. वैशाखात आपल्याकडे कपडा अर्ध्या तासात वाळतो, तेव्हा पंधरा पुरे. श्रावणात दोन-दोन दिवस ऊन नसतं, तेव्हा तीस लागतील, नाहीतर ओलसर लंगोट बांधला जातो आणि तोच गारठा. पूर्वी पावसाळ्यात बाजेखालच्या शेगडीच्या उबेवर, ओवा-शेपांच्या धुरीवर बाळोती वाळवत. ऊब बरी, धूर वाईट. तो तान्ह्याच्या छातीला बाधतो. दोरी घरात बांधा, पंख्याखाली वाळवा, इस्त्री असेल तर फिरवा. दुपटी सहा, झबली सहा, टोपडी तीन, थंडीसाठी दोन पायमोजे आणि एक गोधडी. झालं. एवढ्याला सुती साड्या किंवा मलमलचं कापड चालतं.

आणि ऋतू बघा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना दवाखान्यातून घरी येणारं बाळ स्वेटर, टोपी, मोजे आणि फरचं ब्लँकेट घालून आलेलं आपण पाहतो. ते लाल होतं, रडतं, मग मलूल पडतं. अंगाला हात लावला तर ताप. त्या उन्हाळ्यात एक पातळ झबलं आणि लंगोट बस. मार्गशीर्षात पहाटे दहा अंश असतात, तेव्हा आपल्या अंगावर जेवढे थर, त्यापेक्षा बाळाला एक जास्त.

दुपटं गुंडाळताना पाय ताणून सरळ बांधू नका. जपानमध्ये तसं बांधायची चाल होती आणि खुब्याचा सांधा निखळलेली मुलं पुष्कळ दिसत. १९७० च्या दशकात तिथं पाय मोकळे ठेवायची मोहीम झाली आणि हे प्रमाण खूपच घटलं. आपल्याकडे लेकरू कडेवर पाय फाकून बसतं, झोळीत पाय दुमडून झोपतं, ते सांध्याला चांगलंच.

डायपरचं म्हणाल तर प्रवासाला, दवाखान्याला एखाददुसरा ठीक. रोजचा खर्च मजुरीतून झेपणारा नाही. आणि वापरलेला जातो कुठं? शहरात घंटागाडी असते, कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा असा नियम २०१६ साली आला. खेड्यात तो नाल्यात जातो, नाहीतर उकिरड्यावर, तिथून शेणखताबरोबर वावरात.

राहिली कुंची. ती अजून शिवली जाते, पण बारशापुरती. मखमलीची, सॅटीनची, जरीचा काठ, मोत्यांची झालर, पाठीवर बाळाचं नाव. फोटो निघाला की कपाटात. रोजची सुती कुंची शिवणाऱ्या बाया आता गावात दोन-चारच उरल्या असतील, साठीच्या पुढच्या. जिला येते तिच्याकडून माप उतरवून घ्या: डोक्याचा घेर, कानापासून कानापर्यंत, आणि मानेपासून कमरेपर्यंत पाठ. अर्धा मीटर मऊ सुती कापड आणि दोन बंद लागतात, शिवायला एक दुपार.